डिस्काउंट स्टोअरमध्ये खरी स्वस्ताई कशी ओळखायची आणि नवा माल कधी गाठायचा

यादी तीन हजारांची आणि बिल पाच हजारांचे, हा अनुभव पुण्यात महिन्याचा किराणा भरणाऱ्या बहुतेक घरांना आहे. गंमत म्हणजे घरी येऊन पिशव्या उपसल्या तर एकही वस्तू छापील किमतीला घेतलेली सापडत नाही. सगळेच स्वस्त मिळालेले असते, तरी पैसे जास्त गेलेले असतात. याचे मूळ एका सवयीत आहे. आपण दुकानाचा दर पाकिटावरच्या एमआरपीशी ताडून पाहतो. एमआरपी ही कंपनीने ठरवून छापलेली कमाल मर्यादा आहे, बाजारभाव नव्हे. खरी तुलना करायची ती आपण मागच्या खेपेला मोजलेल्या किलोच्या किंवा लिटरच्या दराशी. तो दर हाताशी असेल, तर कोणती ऑफर उचलायची आणि कोणत्या ढिगाजवळून सरळ पुढे जायचे हे दहा सेकंदांत कळते.

दुकान स्वस्त का असते, हे आधी

पवईत २००२ साली पहिले दुकान उघडलेल्या डीमार्टचे उदाहरण घेऊ, कारण पुण्यात बाणेरपासून हिंजवडीपर्यंत लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येते. या पद्धतीच्या दुकानाची कमाई प्रत्येक वस्तूवर थोडी असते आणि माल झपाट्याने खपवण्यावर सगळा भर असतो. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, त्यामुळे भाड्याचा बोजा कमी. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते केले जातात, त्याबदल्यात खरेदी स्वस्त पडते. एका प्रकारच्या वस्तूत निवड मर्यादित ठेवली जाते आणि जो माल हलत नाही त्याची जागा दुसऱ्याला मिळते.

यातून गिऱ्हाईकाने दोन गोष्टी घ्यायच्या. डाळ, तेल, साबण, टूथपेस्ट अशा रोजच्या वस्तूंवर सवलत वर्षभर जवळपास सारखी राहते, म्हणून त्यांच्यासाठी मोठ्या सेलची वाट बघत घरातला डबा रिकामा ठेवण्यात अर्थ नाही. कपडे, भांडी, प्लास्टिक, चादरी, रेनकोट, आकाशकंदील यांचे उलटे आहे. हंगाम सरला की ती जागा मोकळी करावीच लागते, आणि मोठी घट तिथेच मिळते. किराण्यात थोडी पण दर महिन्याची बचत, हंगामी मालात मोठी पण क्वचित. दोन्हींची रीत वेगळी आहे.

दराची वही

फोनमधल्या नोंदींत पंचवीस वस्तूंची यादी करा. जास्त नको, नाहीतर ती पाळली जात नाही. ज्या वस्तूंवर तुमचे महिन्याचे सर्वाधिक पैसे जातात त्याच घ्या: तूरडाळ, मूगडाळ, तांदूळ, कणीक, साखर, शेंगदाणे, तेल, तूप, चहा, पोहे, रवा, बेसन, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, फिनाइल, अंगाचा साबण, शांपू, टूथपेस्ट वगैरे. प्रत्येकीपुढे तीनच रकाने हवेत: तारीख, दुकान, आणि किलोचा किंवा लिटरचा दर. पाकिटाची किंमत लिहू नका, कारण पाकिटाचे वजन बदलत राहते.

हे वजन बदलणे फार महत्त्वाचे आहे. पूर्वी चहा, बिस्किटे, खाद्यतेल, डाळी अशा काही वस्तू ठरवून दिलेल्या मापांतच विकाव्या लागत. ते बंधन निघाले आणि आता ८५० ग्रॅम, ९०० ग्रॅम अशी मापे राजरोस दिसतात. तेलाच्या पिशव्यांत तर डोळ्यांना फरक कळतही नाही. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. समजा ९१० ग्रॅमची पिशवी १४५ रुपयांना आहे आणि शेजारची ८५० ग्रॅमची १३८ रुपयांना. दुसरी सात रुपयांनी स्वस्त दिसते. हिशेब केला तर पहिलीचा किलोचा दर सुमारे १५९ रुपये पडतो आणि दुसरीचा १६२.

पाकिटांवर आता एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दरही छापलेला असतो. तो उपयोगी आहे, पण दोन ठिकाणी फसवतो. एक म्हणजे किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमला असतो आणि किलोच्या वरच्या पाकिटावर किलोला, त्यामुळे ०.१६ आणि १५८ हे आकडे शेजारी ठेवून चटकन काही उमगत नाही. ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणा. दुसरे म्हणजे हा दर एमआरपीवरून काढलेला असतो. दुकानाने लहान पाकिटावर जास्त आणि मोठ्यावर कमी सवलत दिली असेल, तर छापील आकड्यांचा क्रम उलटाही होतो. रॅकवरच्या पट्टीवरची विक्री किंमत भागिले वजन, हाच हिशेब खरा.

वही जुनी असेल तर एक दुरुस्ती करून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि बिस्किटे यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तूप, लोणी आणि फरसाण यांच्यावरचा १२ वरून ५ वर. त्याआधीचे दर तुलनेला धरले तर साधा दरही घसघशीत सवलतीसारखा भासेल. त्या वस्तूंची पाने नव्याने सुरू करा.

ऑफरच्या पाट्यांचे गणित

सर्वाधिक चुका होतात त्या शब्दांमुळे. ‘२० टक्के जास्त’ म्हणजे २० टक्के सूट नव्हे. १०० ग्रॅमच्या पैशात १२० ग्रॅम मिळाले तर दर सुमारे १६.७ टक्क्यांनी उतरतो. ‘दोनावर एक फ्री’ म्हणजे ३३ टक्के, ‘एकावर एक’ म्हणजे ५० टक्के, आणि ‘दुसऱ्यावर निम्मी किंमत’ ही भारदस्त वाटणारी पाटी प्रत्यक्षात २५ टक्क्यांची. पाटी वाचली की मनात आधी हा आकडा आणायचा.

त्याच्यापुढचा प्रश्न असा की ही टक्केवारी कशावर? ‘एकावर एक’ बहुधा पूर्ण एमआरपीवर असते. दुसऱ्या कंपनीची तीच वस्तू रोजच ४० टक्के कमी दराने मिळत असेल, तर फरक दिसतो तेवढा उरत नाही.

मोठे पाकीट नेहमी स्वस्त, हाही समज तपासून घ्या. कपड्यांची पावडर, फिनाइल, तांदूळ यांत तो बहुधा खरा ठरतो. शांपूत मात्र एक-दोन रुपयांच्या पुड्यांची माळ कधी कधी बाटलीपेक्षा मिलिलिटरला स्वस्त पडते. बिस्किटे आणि कॉफी यांतही लहान पाकिटांचा हिशेब एकदा करून पाहावा.

टेपने चिकटवलेली ‘फ्री’ वस्तू असेल तर तिचे वजन आणि तारीख आधी बघा. मुख्य पाकीट ताजे आणि सोबतची पुडी दीड महिन्यात संपणारी, अशी जोडी अनेकदा असते. फुकट मिळालेला डबा किंवा चमचा घरात खरोखर लागणार नसेल, तर त्याची किंमत शून्य धरायची.

तारखा

रॅक भरताना जुना माल पुढे आणि नवा मागे लावायची रीत आहे. म्हणून कणीक, बेसन, रवा, सुकामेवा, तूप, लोणी, चीज यांचे पाकीट मागच्या रांगेतून काढून तारीख ताडून बघा. कणकेची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. त्यातला दीड महिना दुकानातच गेला असेल, तर दहा किलोची पिशवी चार माणसांच्या घरात कशीबशी वेळेत संपेल. साबण, फिनाइल, मीठ, साखर यांच्यासाठी हात मागे घालायची गरज नाही.

‘बेस्ट बिफोर’ आणि ‘एक्स्पायरी’ यांतला फरक लक्षात असू द्या. पहिली तारीख चव आणि ताजेपणाची, दुसरी सुरक्षिततेची. मुदत जवळ आल्यामुळे दर उतरवलेला माल घ्यायला हरकत नाही, पण घरी तो किती दिवसांत संपेल हे मोजूनच. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत रवा, बेसन, मैदा यांना किडी आणि जाळी लवकर धरतात; जुलै ते सप्टेंबर एका महिन्याच्या वर साठा करू नये. रवा आणलाच असेल तर कोरडा भाजून, गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

कोपरा किंवा कड चेपलेला पत्र्याचा डबा, शिवणीजवळ पोचा आलेला किंवा फुगलेला डबा कितीही स्वस्त असला तरी उचलू नका. फ्रोझन मटारचे पाकीट हातात घेऊन हलवा. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. एकच गोळा लागला तर तो माल मध्येच कुठेतरी वितळून पुन्हा गोठला आहे.

नवा माल: कॅलेंडर पाठ असले की निम्मे काम होते

नवा माल दुकानात सणाच्या दिवशी येत नाही, चार ते सहा आठवडे आधी येतो. मनासारखा रंग, पूर्ण मापे, न उघडलेले खोके हवे असतील तर लवकर जायचे. दर पडलेला हवा असेल तर हंगाम सरल्यावर जायचे आणि मिळेल त्यात समाधान मानायचे. दोन्ही एकाच फेरीत साधत नाही.

पुण्यापुरते पाहू. मार्चच्या सुमारास पाण्याच्या बाटल्या, बर्फाचे साचे, सुती कपडे, बरण्या आणि वाळवणासाठीची प्लास्टिकची कापडे रॅकवर लागतात. एप्रिलच्या शेवटापासून वह्या, डबे, दप्तरे येऊ लागतात. शाळा जूनच्या मध्याला उघडतात; डबा-बाटली मेच्या पहिल्या पंधरवड्यात घेतली तर झाकणाच्या रबरासकट तपासायला निवांत वेळ मिळतो, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो मिळत नाही. रेनकोट, छत्र्या आणि पावसाळी चपला मेमध्येच येतात. आषाढीच्या आधी साबुदाणा, भगर, राजगिरा यांचे ढीग पुढे येतात. श्रावणापासून पूजेचे सामान, मग गणपतीसाठी मोदकाचे पीठ, कापूर, सजावट. पितृपक्षात दुकाने तुलनेने शांत असतात आणि त्याच पंधरवड्यात दिवाळीचा माल मांडायला सुरुवात होते. चादरी, पडदे, काचेची भांडी, भेटीचे सुकामेव्याचे खोके यांचा वर्षातला सगळ्यात मोठा साठा तेव्हा दिसतो, आणि बघायला गर्दीही नसते. वर्षातून एकच फेरी निवांत करणे शक्य असेल, तर ती पितृपक्षाच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या वारी करावी, असे आमचे ठाम मत आहे.

उतरत्या दरांचा क्रम याच्या मागोमाग चालतो. रेनकोट आणि पावसाळी चपला सप्टेंबरच्या शेवटी, आकाशकंदील आणि पणत्या भाऊबीज झाल्यावर, स्वेटर आणि ब्लँकेट जानेवारीच्या अखेरीस. सप्टेंबरात पुढच्या वर्षासाठी रेनकोट घेताना मुलांचे माप एक नंबर मोठे घ्या आणि शिवणीची आतली पट्टी नखाने उचलून पाहा. ती सुटत असेल तर तो रेनकोट पुढच्या जूनपर्यंत टिकणार नाही. प्लास्टिकचा कंदील पुढच्या दिवाळीसाठी घेऊन ठेवायला हरकत नाही. कागदाचा नको, वर्षभरात ओल धरतो.

धान्याचा नवेपणा पिकावर ठरतो. इंद्रायणी, आंबेमोहोर यांचा नवा तांदूळ नोव्हेंबरपासून बाजारात येऊ लागतो. नवा तांदूळ चिकट, मऊ होतो आणि पाणी कमी मागतो. मोकळा भात हवा असेल तर वर्षभराचा जुना घ्या. तुरीचे पीक डिसेंबरनंतर, हरभऱ्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गव्हाचे मार्च-एप्रिलमध्ये येते. लाल मिरची आणि हळद यांचाही मोसम साधारण तेव्हाचाच, म्हणून वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करतात. वर्षाचा गहू भरायचा असेल तर डिस्काउंट स्टोअरपेक्षा गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात एक फेरी मारून दर विचारावा. लोकवन, सिहोर हातात घेऊन बघता येतो आणि पोत्याने घेताना घासाघीस करता येते. तांदळाच्या २६ किलोच्या गोण्या दिसतात त्यामागे कारण आहे: २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गोणीवर आणि सुट्या धान्यावर नाही. दोन घरांनी मिळून एक गोणी वाटून घेतली तर हा फरक सहज पदरात पडतो.

दुकानात नवा माल कुठे शोधायचा

प्रवेशाजवळचा ढीग आणि रांगांच्या टोकाचे रॅक इथे नवा माल आणि ऑफरचा माल सरमिसळ असतो. टोकावर मांडलेली वस्तू स्वस्तच असेल असे नाही. तिचे भाऊबंद आतल्या रांगेत कमी दराने बसलेले असू शकतात, म्हणून टोकावरून काही उचलले तर मूळ रांगेत जाऊन एकदा ताडून घ्या. डोळ्यांच्या उंचीवरचे खण बहुतेक ठिकाणी जोरात खपणाऱ्या ब्रँडांकडे असतात. दुकानाचा स्वतःचा ब्रँड आणि लहान कंपन्यांचा माल गुडघ्याच्या उंचीवर किंवा सगळ्यात वर बघावा. डाळी, पोहे, शेंगदाणे, साखर अशा वस्तूंत दुकानाचे स्वतःचे पाकीट आधी अर्धा किलो आणून पाहा. दाणा एकसारखा, खडा नाही, वास स्वच्छ असेल तर पुढच्या महिन्यापासून तेच घ्यायचे. चहा आणि मसाले मात्र जिभेचा मामला. तिथे केवळ दर बघून बदल करू नये.

रॅक लावणाऱ्या माणसाला सरळ विचारा: ‘दादा, भांड्यांचा नवा माल कोणत्या वारी लागतो?’ किंवा ‘ताई, या चादरीत दुसरा रंग मागे आहे का?’ बिलाच्या काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक नसते, रॅक लावणाऱ्याला असते. कंपनीच्या नावाचा टी-शर्ट घातलेली व्यक्ती मात्र त्या कंपनीचाच माल सुचवणार, हे धरून चाला. दुकानातले वार प्रत्येक शाखेला वेगळे असतात, म्हणून आपल्या शाखेचे वार एकदा विचारून वहीत लिहून ठेवावे.

वेळेचे म्हणाल तर महिन्याचा पहिला आठवडा आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. मंगळवार ते गुरुवार, दुकान उघडल्यापासून पहिला दीड तास सगळ्यात चांगला. रॅक भरलेले असतात आणि वाटेतल्या खोक्यांवरून काय नवे आले तेही कळते. ट्रॉली घेऊन आधी कपडे आणि घरसामानाचा मजला करा, मग किराणा, आणि अगदी शेवटी फ्रीजमधल्या वस्तू. बाणेरहून कोथरूडला परतायला संध्याकाळी पाऊण तास लागू शकतो. लोणी-चीजसाठी जाड थैली आणि थैलीत गोठवलेली पाण्याची बाटली असू द्या.

भांडी, चादरी, विजेच्या वस्तू

इथे दरापेक्षा माप आणि खूण महत्त्वाची. डबल बेडची चादर म्हणून ९० बाय १०० इंचांची विकतात. गादी ७२ इंच रुंद आणि ६ इंच जाड असेल तर दोन्ही बाजूंनी ती जेमतेम खोचली जाते. मोठ्या गादीसाठी १०८ बाय १०८ बघा. पाकिटातून एक कोपरा बाहेर काढून उजेडाकडे धरा. विणीतून बोटे स्पष्ट दिसली तर ती चादर वर्षभरात विरेल.

प्रेशर कुकरवर आणि मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. ती नसेल तर दराचा विचारच करू नका. इंडक्शनसाठी कढई किंवा तवा घेणार असाल तर खिशात फ्रीजवरचा छोटा चुंबक ठेवा. बुडाला मधोमध आणि कडेला, दोन्हीकडे घट्ट चिकटला पाहिजे. नुसता मधल्या चकतीला चिकटला तर तेवढीच जागा तापणार. नॉनस्टिक पॅन काचेच्या किंवा फरशीच्या सपाट जागेवर ठेवून डोलतो का ते बघा.

कपड्यांत ढिगातला दर पाहून हुरळू नका. काखेतली आणि मांडीची शिवण दोन बोटांनी ताणा, बटणे मोजा, आणि एकाच मापावर विसंबू नका, कारण लॉट बदलला की मापही सरकते. पुण्यात स्टीलचे सुटे डबे, चमचे, झारे घ्यायचे तर तुळशीबागेत आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत निवड कितीतरी मोठी आहे आणि वजनावर भाव होतो. ती वस्तू डिस्काउंट स्टोअरमध्ये घ्यायचा आग्रह नको.

बिलाजवळ

काउंटरवर ऑफरच्या वस्तू वेगळ्या काढून सगळ्यात आधी द्या, म्हणजे पडद्यावर सूट लागली की नाही हे लक्ष देऊन बघता येते. ऑफर न लागण्याचे नेहमीचे कारण म्हणजे वजनाचा किंवा वासाचा वेगळा प्रकार उचललेला असतो. पाटी २०० ग्रॅमसाठी आणि ट्रॉलीत १५० ग्रॅम. म्हणून रॅकवरच्या पट्टीवरचे वजन आणि पाकिटावरचे वजन तिथेच जुळवून घ्या, किंवा पट्टीचा फोटो काढा.

बिल हातात आले की दारापर्यंत जाण्याआधी तीन गोष्टी बघा: वस्तूंची एकूण संख्या, एकच वस्तू दोनदा लागली आहे का, आणि सुट्या मालाच्या चिकटवलेल्या लेबलचे वजन. एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावले असतील तर आधी दुकानातल्या ग्राहक सेवा काउंटरवर सांगा. तिथे निकाल लागला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि वजनमापाची तक्रार राज्याच्या वैधमापन यंत्रणेकडे करता येते. बदलून देण्याच्या अटी बिलाच्या मागे किंवा काउंटरवरच्या फलकावर असतात. कपडे आणि विजेच्या वस्तूंचे खोके त्या मुदतीपर्यंत फाडून टाकू नका.

बिलाच्या थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात. घरी आल्यावर बिलाचा फोटो काढा, आणि सामान डब्यांत भरण्याआधीच पंचवीसपैकी ज्या वस्तू आणल्या त्यांचे किलोचे दर वहीत उतरवा. डब्यांत भरल्यावर पाकिटे कचऱ्यात जातात आणि नेमके कोणते वजन घेतले होते हे कोणालाच आठवत नाही.